मावसाजींचं हवेचं जाकीट

बुडून मरायचं नाही, अशी रोज सकाळी उठून तयारी करणारा माणूस साऱ्या वऱ्हाडात एकच होऊन गेला, आणि तो आमच्या नात्यात निघाला. हे माझे मावसाजी. राहायला अमरावतीला, राजापेठेत. समुद्र तिथून कुठल्याही बाजूनं जा, लांबच. जवळचं पाणी म्हणजे गल्लीतल्या नळाला येईल तेव्हा येणारं. उन्हाळ्यात एका बादलीत दोघांनी आंघोळ उरकायची, आणि वर तेच पाणी तुळशीला घालायचं, असा आमच्याकडचा रिवाज. अशा गावात हा माणूस ओसरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला नाव उलटली तर काय करावं ते समजावून सांगायचा. ऐकणारा रिकामी घागर घेऊन नळाकडे निघालेला असे. "पयले पायातल्या वाहना काढाच्या," मावसाजी त्याला अडवून सांगत, "मंग दोरी ओढाची. आंधी दोरी ओढली अन् मंग वाहना काढाले गेला, तं वाकताच येत नाही." तो बिचारा "हो जी" म्हणून सुटका करून घेई. तोवर नळ गेलेला असे.

लढाईच्या दिवसांत मावसाजी ब्रह्मदेशाच्या बाजूला पलटणीच्या बोटींवर भांडारात कारकून होते. लढाई संपल्यावर कोणी पदक घेऊन आलं, कोणी हिवताप घेऊन आलं. मावसाजी एक हवेचं जाकीट घेऊन आले. साहेबानं खूश होऊन दिलं, असं ते सांगत. कोणत्या साहेबाचं डोकं फिरलं होतं ते विचारा, असं मावशी सांगे. जाकीट पिवळं, रबर चढवलेल्या कापडाचं, डोक्यातून घालायचं. छातीवर दोन्ही बाजूंना फुगे, पाठीला नुसता पट्टा. खाली अंगठ्याएवढी लोखंडी बाटली आणि तिच्यात दाबून भरलेला वायू. दोरी ओढली की बाटलीचं तोंड फुटतं आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत जाकीट टम्म फुगतं. बाटलीनं दगा दिलाच, तर तोंडानं फुंकायला एक नळी. मात्र बाटली चालायची एकदाच. दुसरी मिळाली तर मुंबईच्या गोदीत मिळणार, आणि तिथंही मिळेलच असं नाही. म्हणून पुढे कापसाच्या एका जिनात हेडक्लार्क झाल्यावर, पोरगी झाल्यावर, केस पिकल्यावरही मावसाजींनी ती दोरी एकदाही ओढली नव्हती.

मी तेव्हा अकोल्याला कचेरीत चिकटलो होतो. रविवारी बडनेऱ्याला गाडी बदलून अमरावतीला यायचो, ते खरं म्हणजे मावशीच्या हातचं खायला. पण महिन्याचा पहिला रविवार असला की आधी जाकिटाची परीक्षा, मग जेवण. आदल्या दिवशी मावसाजी नळीतून फुंकून जाकीट टणक करीत आणि झोपाळ्याच्या कडीला लटकवीत. सकाळी बोटानं डावीकडून दाबायचं, उजवीकडून दाबायचं आणि "बराबर आहे" म्हणायचं. जरा जरी मऊ लागलं, की ते घरातल्या टाक्यात बुडवून बुडबुडे कुठून येतात ते शोधायचे. टाकं म्हणजे घरचं आठवड्याचं पिण्याचं पाणी. मावशी तिकडे भाकरी थापता थापता ऐकवायची, "पान्यात माणूस बुडाच्या आंधी पानीच बुडवलं ह्या माणसानं!" गल्लीतल्या बायका मात्र जाकीट लटकलेलं दिसलं की महिना पालटला म्हणून समजत आणि दूधवाल्याचा हिशेब काढत.

बाटलीची परीक्षा याहून अवघड. बाटलीतला वायू झिरपला तर तो दिसत नाही, त्याला वास नाही, ओळखायचा कसा? वजनावरून. आणि इतकं बारीक वजन करणारा काटा गावात फक्त सराफाकडे. तेव्हा दर पहिल्या रविवारी संध्याकाळी मावसाजी बाटली रुमालात गुंडाळून सराफ्यात जात. सराफही वस्ताद. आधी काटा पुसून घेई, मग बाटली पारड्यात ठेवी, दुसऱ्या पारड्यात तोळे-मासे मांडी आणि शेवटी एखादी गुंज टाकून मान डोलवी. "साजरं आहे, सायेब. गुंजभर बी उतरलं नाही." मावसाजी एखाद्याला वारसा मिळावा तसे प्रसन्न होऊन घरी येत. मावशी सुपातलं धान्य जोरजोरात पाखडायला लागे. "लोकायच्या बाया सराफाकडे पाटल्या तोलाले जातात," ती मला म्हणे, "आमचं मानूस बाटली तोलाले जाते. माह्या हातात काय आहे, थे कोनी तोलतच नाही."

मी त्यांना खिजवायचोही. एकदा म्हटलं, "मावसाजी, रात्रीतून घरातच पूर आला तर? जाकीट आहे खुंटीला, ओढली दोरी!" मावसाजी असे दचकले, की मला वाटलं विंचूच पाहिला. "बह्याड का रे तू! घरात कधीच नाही फुगवाचं. बोटीच्या खोलीत तं अजिबात नाही. पानी चढते, जाकीट तुले छताले नेऊन टेकवते, दार राह्यते खाली. आंधी दाराबाहीर निंघाचं, मंग ओढाची." आणि लगेच मला ओसरीवरून दाराबाहेर काढून, हवेत दोरी ओढायला लावून पाहिलं. समोरचा सायकलवाला पंप हातात धरून हा तमाशा बघत होता. असेच त्यांचे आणखी नियम. जाकीट पेटीत ठेवायचं नाही, "पेटीतलं जाकीट पेटीलेच वाचवते." जवळ टोकदार वस्तू न्यायची नाही. आणि सगळ्यात मोठा नियम, जो मावसाजी देवाचं नाव घ्यावं तसा घेत: जाकीट कपड्यांच्या वरून घालायचं, आतून कधीच नाही. आत फुगलं की कपडा फाटत नाही, छातीच आवळली जाते. अमरावतीत या नियमांची कधी कोणाला गरज पडेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. पण कुसुमला स्थळ आलं ते नेमकं वर्धा नदीपलीकडचं.

कुसुम ही मावसाजींची एकुलती मुलगी. स्थळ चांगलं होतं: मुलगा शाळामास्तर, घर खातंपितं, माणसं सरळ. तिवस्यापर्यंत मोटार, तिथून बैलांच्या दमणीनं नदीचा घाट, आणि मग नावेतून पलीकडे. मावशीला स्थळ इतकं आवडलं की तिनं मनातल्या मनात पापड लाटायला घेतले. मावसाजींनी एका वाक्यात मोडीत काढलं. "नदी आडवी आहे."

"नदी का सासू आहे का जी?" मावशी कडाडली. "वाघ आहे का? काहून असं करून राहिले तुमी?"

दोन दिवस घरात ताटं आपटत होती. शेवटी कुसुमच ओसरीवर येऊन त्यांच्यासमोर उभी राहिली. तशी अबोल पोरगी, पण त्या दिवशी तिचा आवाज स्वच्छ होता. "बाबा, मले तेच पसंत आहेत. नदी आहे तं नावेत बसीन. तुमी सांगान तसं बसीन. पन मले 'नाही' नोका म्हनू."

मावसाजींनी खुंटीवरच्या जाकिटाकडे पाहिलं. "म्या पाह्यलं आहे, बाई," ते म्हणाले. "जाकिटं भांडारात होती अन् पोरं पान्यात होती. सारी तुह्याच वयाची." इतकंच. लढाईबद्दल याहून जास्त ते कधी बोलल्याचं मला आठवत नाही. मग त्यांनी टोपी घातली आणि म्हणाले, "नाव पाहून येतो."

नाव पाहायला मलाही नेलं. नावाडी म्हातारा, घाटावर चिलीम ओढत बसलेला. मावसाजींनी त्याची अशी उलटतपासणी घेतली की जणू मुलगी त्यालाच द्यायची होती. बुडाशी फळी कुजली आहे का, माणसं किती घेतोस, बैल आणि माणसं एकाच खेपेला नेतोस का. "सायेब," नावाडी शेवटी वैतागून म्हणाला, "माहा बाप ह्याच नदीवर म्हतारा झाला, मी बी होऊन राहिलो. बुडालं कोनी नाही. मांगच्या साली एक बकरी पडली, थे बी पोहत घरी गेली." मावसाजींना नावाडी पसंत पडला. बकरीचं त्यांनी दोनदा विचारलं. लग्न ठरलं, पण मावसाजींच्या अटीवर: नवरदेवाकडची मंडळी नदी ओलांडून येतील तेव्हा नावेत बसणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर तरंगायची काहीतरी वस्तू पाहिजे.

जाकीट एक आणि माणसं गाडाभर. पण मावसाजी कच्च्या गुरूचे चेले नव्हते. समोरच्या सायकलवाल्याकडे जेवढ्या जुन्या ट्यूबा होत्या तेवढ्या त्यांनी उचलल्या, मग राजापेठेतल्या बाकीच्या सायकलवाल्यांकडच्या. प्रत्येक ट्यूब टाक्यात बुडवून, ठिगळ लावून, पुन्हा बुडवून पाहिली. लग्नघरात इकडे शेवया वाळताहेत, कुरड्या वाळताहेत आणि मधल्या दोरीवर काळ्या ट्यूबा वाळताहेत. मावशीनं त्या आठवड्यात टाक्याकडे पाहणंच सोडलं. खरं जाकीट नवरदेवाला घालायचं, हे मावसाजींनी केव्हाच ठरवलं होतं. "पोरीचं कुकू आहे थे," ते मला हळूच म्हणाले.

मार्गशीर्षातला मुहूर्त. सकाळीच मावसाजी आणि मी दोन पोती ट्यूबा आणि एक पंप घेऊन नावेतून पलीकडच्या घाटावर गेलो. नवरदेवाकडची मंडळी सजूनधजून गाड्यांतून उतरत होती. मावसाजींनी रामराम केला आणि ट्यूबा वाटायला सुरुवात केली. खांद्यावरून घेऊन छातीवर पिळा द्यायचा आणि दोरीनं बांधायचं. बायका तोंडाला पदर लावून खिदळायला लागल्या. "मायवो! हार घालाचा सोडून हे काय घालून राहिले!" एका म्हाताऱ्या आत्याबाईला मात्र ट्यूब इतकी आवडली की लग्न लागून पंगती उठल्या तरी तिनं ती काढली नाही. नवरदेव गरीब स्वभावाचा, हळद लागलेला. मावसाजींनी सांगताच त्यानं मान खाली घातली आणि जाकीट घालून घेतलं. आणि तेवढ्यात मावसाजींना त्याच्या हातातली कट्यार दिसली.

हळद लागलेल्या नवरदेवानं लग्न लागेपर्यंत कट्यार हातातून खाली ठेवायची नाही, ही आमच्याकडची रीत. हवेच्या जाकिटाजवळ टोकदार वस्तू न्यायची नाही, हा मावसाजींचा नियम. दोन्ही बाजू हटेनात. "टोकाले लिंबू खोचलं आहे ना जी!" मंडळी म्हणाली. मावसाजींनी लिंबू दाबून पाहिलं. "लहान आहे," ते म्हणाले. मग एका गाडीतल्या टोपलीतून चांगलं जाडसालीचं संत्रं काढलं आणि लिंबाच्या पुढे खोचलं. लिंबू झालं रीतीचं, संत्रं झालं नियमाचं. सगळे हसले आणि प्रकरण मिटलं.

पण खरी पंचाईत पुढेच होती. नवरदेवाचे मोठे काका, घरचे कर्ते. देह भरदार, अंगात नवाकोरा टसरचा कोट. सगळे त्यांना काकाजी म्हणत आणि विचारल्याशिवाय शिंकतही नसत. ते आतापर्यंत काठी टेकून बघत होते. त्यांच्यापुढे ट्यूब धरली मात्र, आणि त्यांचा आवाज चढला. "इवाईबुवा, घरचा मोठा कोन? मी का हे पोट्टं? मुलीकडून आलेलं पयलं आंगावरचं, थे त्याले? अन् मले सायकलची ट्यूब?"

मावसाजी समजावायला गेले, की हा आहेर नव्हे, मानपान नव्हे, ही सुरक्षेची वस्तू आहे. पण काकाजींनी काठी आपटली. "मले ट्यूब असंन तं वऱ्हाड इथूनच वापस. गाड्या जुपा रे!"

आणि पोरांनी खरोखरच बैल गाड्यांकडे आणले. नवरदेवाचा चेहरा पडला. पलीकडे अमरावतीत कुसुम हळदीच्या लुगड्यात बसली होती आणि मावशी दाराकडे डोळे लावून. मावसाजींनी नवरदेवाच्या अंगातलं जाकीट काढलं, त्याला दोन ट्यूबा बांधल्या आणि जाकीट दोन्ही हातांनी काकाजींपुढे धरलं. "काकाजी, मान तुमचाच. एकच इनंती आहे. कोटाच्या वरून घाला."

काकाजी जाकीट घेऊन गाडीआड गेले आणि परत आले तेव्हा कोट वर होता आणि जाकीट आत. नवा कोट झाकायचा कोणी! छाती तेवढी पुढे आलेली. मावसाजींनी बोलायला तोंड उघडलं. मी त्यांचा दंड दाबला. "मावसाजी. कुसुम." त्यांनी तोंड मिटलं. त्यांच्यासमोर तो नियम मोडला आणि ते गप्प बसले, असं पहिल्यांदाच घडत होतं. मला त्यांच्याकडे बघवेना.

पहिल्या खेपेला काकाजी, नवरदेव, आत्याबाई, आणखी काही मंडळी, मावसाजी आणि मी. नाव मधोमध आली. पाणी संथ, ऊन कोवळं, मंडळी खुशीत. काकाजींच्या कोटाखालून दोरीचं टोक लोंबत होतं. नव्या कोटाखालून दोरी लोंबलेली त्यांच्यासारख्या माणसाला कशी खपावी! आत खोचावी म्हणून त्यांनी ती धरली आणि ओढली.

फस्सकन आवाज झाला. कोटाचं वरचं बटण नावाड्याच्या कानावरून गेलं, पण बाकीची टिकली. शिंप्यानं काम चोख केलं होतं, तेच नडलं. काकाजींचे डोळे मोठे झाले, तोंड उघडलं, पण आवाज निघेना, श्वास निघेना. ते धडपडत उभे राहिले. ते उठले म्हणून त्यांना सावरायला सगळे उठले. नाव एका अंगाला कलली आणि पाणी आत आलं.

"बैठ जाओ!"

तो आवाज मावसाजींचा होता यावर माझा अजून विश्वास बसत नाही. जिनातल्या हेडक्लार्कच्या गळ्यात इतका मोठा आवाज कुठे लपून बसला होता कोण जाणे. सगळे धपकन बसले. काकाजी बसले. वल्हं सोडून नावाडीसुद्धा बसला. मावसाजी गुडघ्यांवर सरकत काकाजींच्या मागे गेले, आणि नवरदेवाचा कट्यारीचा हात, कट्यारीसकट, आपल्या मुठीत धरला. संत्रं उपटून फेकलं, लिंबू फेकलं. पाठीला जाकिटाचा नुसता पट्टा, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? त्या पट्ट्याच्या बाजूनं त्यांनी कोटाची पाठीवरची शिवण मानेपासून खालपर्यंत उसवली. कोट दोन्हीकडे पडला, जाकीट मोकळं झालं आणि काकाजींनी असा श्वास घेतला, की सगळ्या नावेनं त्यांच्याबरोबर घेतला. कट्यार नवरदेवाच्या हातातून क्षणभरही सुटली नव्हती. संत्रं वर्धेच्या पाण्यावरून डुलत डुलत चाललं होतं.

नावाडी ओंजळीनं पाणी उपसत होता. मग काकाजी म्हणाले, "वरून घालाचं होतं, नाही का?"

"हो जी," मावसाजी म्हणाले.

"अजून काय काय नियम आहेत? सारे सांगा."

घाट येईपर्यंत मावसाजी सांगत होते आणि काकाजी शाळेतल्या मुलासारखे मान डोलवत होते. उतरल्यावर त्यांनी मावसाजींचा हात धरला. "इवाईबुवा, तुमची पोरगी ह्या नावेत बसंन तं मी सोता पाहून बसवीन. माहा शबद आहे." लग्नात काकाजी उसवलेल्या कोटावर फुगलेलं जाकीट आणि त्यावर शाल अशा थाटात पहिल्या पाटावर बसले. मुहूर्त टळला नाही. मावशीनं जाकिटाकडे एकदा पाहिलं आणि मावसाजींना विचारलं, "बाटली गेली वाट्टे?"

"गेली," मावसाजी म्हणाले. "कामाले आली."

"मंग आता सराफाकडे मले नेत जा," मावशी म्हणाली आणि अक्षता वाटायला गेली.

दुसऱ्या दिवशी कुसुमला पोहोचवायला आम्ही घाटावर गेलो. बाटली संपलेली, तेव्हा जाकीट तोंडानंच फुगवावं लागणार. मावसाजींनी नळी तोंडाला लावली आणि फुंकायला लागले. कुसुम रडत होती, मावशी रडत होती. मावसाजी फुंकत राहिले. फुंकणाऱ्या माणसाला रडता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. डोळे भरून आले होते, पण गाल फुगलेलेच. जाकीट कधीच टणक झालं होतं तरी ते थांबेनात, शेवटी काकाजींनीच त्यांच्या हातातून ते काढून घेतलं आणि कुसुमच्या शालूवरून घातलं. वरून. नीट.

पुढे दरवर्षी दिवाळीला, अक्षय्यतृतीयेला कुसुम माहेरी येई आणि परत जाताना मावसाजी तिला घाटापर्यंत सोडायला जात. कामं टाकून, तब्येत टाकून. जाकीट ते स्वतः फुंकणार, दुसऱ्या कोणाला हात लावू देणार नाहीत. शेवटच्या दिवाळीला मी बरोबर होतो. नळी तोंडाला लावली, दोन-चार फुंका मारल्या आणि ते थांबले. छाती भात्यासारखी हलत होती. मी हात पुढे केला तो त्यांनी झटकला. कुसुमनं काही न विचारता नळी त्यांच्या हातातून घेतली, आपल्या तोंडाला लावली आणि उरलेलं जाकीट फुगवलं. मावसाजींनी डावीकडून दाबलं, उजवीकडून दाबलं.

"बराबर आहे," ते म्हणाले. "आता तुले माही गरज नाही."

"अर्धी हवा तुमचीच आहे ना, बाबा," कुसुम म्हणाली आणि नावेत बसली.

त्याच हिवाळ्यात मावसाजी गेले. बुडून नाही, आपल्या घरी, आपल्या अंथरुणावर, एकदम कोरडे. निरोप मिळाल्यावर कुसुम पलीकडून निघाली. दारात आली ती जाकीट घालूनच. घाई इतकी, की नावेतून उतरल्यावर काढायचंही तिला सुचलं नव्हतं, पण घातलं होतं ते लुगड्याच्या वरून. तिनं ते काढलं, हवा न सोडता खुंटीला लटकवलं आणि तशीच भिंतीला टेकून उभी राहिली. मावशी उठली. जाकिटापाशी गेली, बोटानं डावीकडून दाबलं, उजवीकडून दाबलं. "बराबर आहे," ती म्हणाली, आणि मग आम्हा कोणालाच रडू आवरलं नाही.